हातचं काम आणि दुकानाची ऑर्डर : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा या वेळी निवडली आहेत. गोधडी असो, हातमागावरचं चित्र असो की घोंगडी, माल हाताने होतो आणि प्रत्येक नग वेगळा उतरतो. मागणारं दुकान मात्र शेकड्याने आणि एकसारखं मागतं.

प्रश्न : जुळे सोलापुरात आम्ही सहा जणी जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या हाताने शिवतो. पुण्याच्या एका मोठ्या दुकानाने एका गोधडीचा फोटो पाठवून ‘हुबेहूब अशाच ३०० नग, दोन महिन्यांत’ अशी ऑर्डर देऊ केली आहे. माप ४ बाय ६ फूट, भाव नगाला १,१०० रुपये. घ्यावी का?

उत्तर : ताई, आहे तशी घेऊ नका. आधी तासांचा हिशोब मांडा आणि मगच दुकानाशी बोला.

४ बाय ६ फूट म्हणजे साधारण १२२ बाय १८३ सेंटिमीटर. धावदोऱ्याच्या ओळी २ सेंटिमीटरवर घातल्या तर लांबीत ६१ ओळी होतात. प्रत्येक ओळ १.८३ मीटरची, म्हणजे एका गोधडीत सुमारे १११ मीटर टाका. चार थरांतून सुई काढताना तासाला ५ मीटर झाले तर नुसत्या टाक्यालाच २२ तास लागतात. साड्या धुणं, फाडणं, थर लावणं, कच्चा टाका आणि कडेची पट्टी यांचे ८ तास धरा. एक गोधडी ३० तासांची झाली, ३०० गोधड्या ९,००० तासांच्या. तुम्ही सहा जणी रोज ५ तास, महिन्याचे २५ दिवस बसलात तर महिन्याला ७५० तास भरतात. ही ऑर्डर एका वर्षाची आहे. दोन महिन्यांत तुमच्याकडून ५० गोधड्या होतील, त्याही कुणी आजारी पडलं नाही तर. तासाला ५ मीटर हा आमचा नमुन्याचा आकडा आहे, तुमचा तुम्ही मोजा. पहिल्या तासात हात ताजा असतो, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या तासातला वेग धरा.

आता भाव. कापड आणि दोरा ३०० रुपये, धुणं, बांधणी आणि वाहतूक १५० रुपये धरली तर १,१०० मधून ६५० उरतात. ३० तासांना भागा, तासाला २२ रुपयेही पडत नाहीत. तासाला ६० रुपये मजुरी हवी असेल तर १,८०० अधिक ४५०, म्हणजे २,२५०. बिघडलेल्या नगांसाठी दहा टक्के आणि गटाच्या गल्ल्यात ३०० रुपये धरले की भाव २,७७५ वर जातो. दुकान आपलं भाडं, पगार आणि सेलमधली सूट धरून खरेदीच्या दुपटीहून जास्त किंमत छापतं. पाच-साडेपाच हजाराच्या खाली हातशिलाईची पूर्ण गोधडी शोरूममध्ये परवडत नाही. दुकानाला ती १,९९९ ला विकायची असेल तर त्याला दुसरी वस्तू हवी आहे. तसं सरळ सांगा, त्यात अपमान कुणाचाच नाही.

ऑर्डर सोडून मात्र देऊ नका, उलट प्रस्ताव द्या. ४० बाय ४० सेंटिमीटरच्या उशीच्या अभ्र्याला ८ मीटर टाका लागतो. चेन लावणं धरून तो पावणेतीन तासांत होतो. ३०० अभ्रे ८२५ तासांत आणि २० गोधड्या ६०० तासांत, असे १,४२५ तास होतात. तुमच्याकडे दोन महिन्यांचे १,५०० तास आहेत. दुकानाला ३०० चा आकडा मिळतो आणि भिंतीवर टांगायला खऱ्या गोधड्याही मिळतात.

राहिलं ‘हुबेहूब’. जुन्या साडीचा काठ आणि पदर दुसऱ्यांदा मिळत नाही, म्हणून हा शब्द ऑर्डरच्या कागदावर येऊच देऊ नका. त्याऐवजी काय पक्कं आणि काय मोकळं, हे लिहून द्या. पक्कं म्हणजे माप (२ सेंटिमीटर कमी-जास्त), थरांची संख्या, ओळींमधलं अंतर, दोऱ्याचा रंग आणि कडेच्या पट्टीचा रंग. मोकळं म्हणजे मधले तुकडे, तेही ठरलेल्या रंगमेळात : एक कुंकवाचा, एक हळदीचा, एक निळीचा. एकच नमुना पाठवणं ही नेहमीची चूक आहे, कारण दुकान तोच फोटो धरून बसतं. तीन नमुने करा : फोटोच्या सगळ्यात जवळचा, मधला, आणि तुम्हाला योग्य वाटतो त्यातला सगळ्यात लांबचा. तिन्हींच्या कोपऱ्यात कापडी पट्टी शिवून तिच्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या आणि तारीख घ्या. असे दोन संच करा : एक त्यांच्याकडे, एक तुमच्याकडे. माल परत करायची वेळ आली तर भांडण फोटोवर नको, या तीन नमुन्यांवर व्हावं.

परत येणाऱ्या गोधड्यांची कारणं थोडीच असतात. एक म्हणजे रंग सुटणं. प्रत्येक गडद साडीवर ओला पांढरा रुमाल ठेवून गरम इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर ती साडी फिकट तुकड्यांशेजारी नको. दुसरं, विरलेलं कापड. तुकडा उजेडासमोर धरून दोन्ही अंगठ्यांनी आडवा आणि उभा ताणा. करकरला किंवा धागे सरकले तर तो आतल्या थरात घाला, वर नको. तिसरं, पॉलिस्टर दोरा. तो सहज तुटत नाही, म्हणून ताण आला की दोऱ्याआधी मऊ झालेलं जुनं कापडच टाक्यांच्या रेषेत फाटू शकतं. सुती दोराच वापरा. चौथं, मागच्या बाजूला पडणाऱ्या चुण्या. कच्चा टाका मधून सुरू करून कडांकडे वितीवितीवर घाला आणि दर दहा ओळींनंतर गोधडी उलटून तळहात फिरवा. त्या वेळी सापडलेली चुणी पाच मिनिटांत सुटते. शिवून झाल्यावर सापडली तर अर्धा दिवस जातो.

अस्तराचं कापड नवं असेल तर कापण्याआधी धुऊन वाळवा. नवं सुती पहिल्या धुण्यात आटतं, जुनी साडी आटत नाही, आणि गोधडी कढईसारखी वाकते.

प्रश्न : दुकान प्रत्येक नगाला बारकोड मागतं. आमचा प्रत्येक नग वेगळा. मग ३०० बारकोड घ्यायचे का? (बार्शी)

उत्तर : नाही. बारकोड प्रकाराला आणि मापाला असतो, एकेका नगाला नाही. ‘गोधडी, ४ बाय ६, निळीचा मेळ’ याला एक कोड पुरतो. नगाचा स्वतःचा क्रमांक वेगळ्या कापडी पट्टीवर हाताने लिहा आणि वहीत त्याच क्रमांकापुढे कुणी शिवली, कधी संपली, किती तास लागले हे टिपा. पुढच्या वेळी भाव ठरवताना ही वही उपयोगी पडते. बांधलेल्या पाकिटावर करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, वस्तूचं नाव, नगसंख्या, माप, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो. हा सगळा मजकूर छापून घ्या.

प्रश्न : मी हातमागावर भिंतीवरची चित्रं विणतो. एका कार्यालयाने एकाच महापुरुषाच्या चेहऱ्याचे २५ नग सांगितले. पहिला चेहरा बरोबर उतरला, पाचवा बसका आणि रुंद दिसतो. ग्राफ तोच, सूत तेच. ग्राहक घ्यायला तयार नाही. चूक कुठे होते? (साखर पेठ)

उत्तर : दादा, ग्राफ तोच असला तरी ठोका, म्हणजे फणीने धागा दाबून बसवण्याचा जोर, तोच नाही. ग्राफवरची प्रत्येक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा, आडव्या सुताचा, एक धागा. तुमच्या चित्रात ४८० ओळी आहेत असं धरू. इंचाला २० धागे बसले तर चित्र २४ इंच उंच होतं. फणी जरा जोरात लागली आणि २२ बसले, तर तेच चित्र २१.८ इंचांवर संपतं. रुंदी मात्र ताण्याने, म्हणजे उभ्या सुताने, बांधलेली असते, ती हलत नाही. दोन इंच उंची गेली की हनुवटी वर येते आणि गाल फुगतात. फुलापानांच्या नक्षीत हे कुणाच्या लक्षात येणार नाही. चेहऱ्यात ते लहान मुलालाही दिसतं.

ठोका का बदलतो, तेही पाहा. सकाळी ताणा घट्ट असतो, दुपारी सैल पडतो आणि ताण बदलला की बाणा किती दाबला जातो तेही बदलतं. पावसाळी हवेत सूत फुगतं, उन्हाळ्यात कोरडं पडतं. एक चित्र दोघांनी पाळीपाळीने विणलं तर दोन हात त्यात उतरतात. चेहऱ्याचा भाग तरी एकाच हाताने विणायचा, हा नियम ठेवा.

उपाय साधा आहे. कागदाची २४ इंचांची पट्टी घ्या, दर २ इंचांवर रेघ मारा आणि रेघेपुढे ओळीचा आकडा लिहा : ४०, ८०, १२०. पट्टी कडेला टाचून ठेवा. रेघेवर आलात की ओळ मोजा. ४० ऐवजी ४३ झाल्या असतील तर तेवढा भाग तिथेच उकला आणि हलक्या ठोक्याने पुन्हा विणा. डोळे आणि नाक यांच्या पट्ट्यात दर इंचाला मोजा, कारण नाकपुडीची सावली दोन-तीन धाग्यांचीच असते आणि ती एका धाग्याने सरकली तरी भाव बदलतो. मोजताना ताणा नेहमी एकाच ताणावर असावा. मागावरून काढल्यावर कापड आखडतं, म्हणून पहिला नग उतरवून एक रात्र सपाट ठेवा, मग मोजा. जितकं कमी भरलं तितकं पट्टीत वाढवा.

कडा आत येत असतील तर बाणा सरळ ओढू नका. कमानीसारखा सैल सोडा आणि मग ठोका. कापडाची रुंदी धरून ठेवणारी काठी दर दोन इंचांनी पुढे सरकवा. जिथे दोन रंग उभ्या रेषेत भेटतात तिथे फट राहते. ती एक सेंटिमीटरहून लांब असेल तर दोन्ही रंगांचे धागे एकमेकांत अडकवा, नाहीतर मागून बारीक टाका घाला. फ्रेममध्ये ताणल्यावर ही फट उघडते, आणि ग्राहकाला ती कानाजवळची चीर वाटते.

रंगाचंही तितकंच महत्त्वाचं आहे. पहिला नग विणण्याआधी आणि विणल्यावर प्रत्येक रंगाचं सूत वजन करा. फरकाला २५ ने गुणा, दहा टक्के वाढवा आणि सगळं सूत एकाच वेळी रंगवून घ्या. नंतर पुन्हा रंगवलेलं सूत जुळत नाही. मध्येच कमी पडलंच तर जुन्या आणि नव्या सुताच्या दोन कांड्या घेऊन दोन ओळी एकीच्या, दोन दुसरीच्या अशा विणा, म्हणजे सांधा दिसत नाही. चेहऱ्याच्या तीन छटा दिवसाउजेडीच ठरवा. पिवळ्या दिव्याखाली पिवळट आणि गुलाबी यांतला फरक कळत नाही.

ग्राहकाला २५ फोटोंसारखे २५ चेहरे हवे असतील तर त्याला छापील कापडाकडे पाठवा. हातमागाचेच हवे असतील तर ऑर्डरमध्ये लिहा : उंचीत अर्ध्या इंचापर्यंत फरक, प्रत्येक नगावर क्रमांक. आणि तो बसका पाचवा नग स्वस्तात त्याच ग्राहकाला देऊ नका. पंचवीस जणांच्या भिंतींवर तुमचं काम लागणार आहे, त्यातला वाईट तेवढाच लोकांच्या लक्षात राहील.

प्रश्न : आमच्याकडे यंत्रमागाच्या चादरी होतात. परगावचा व्यापारी म्हणतो, ‘हातमाग’ असा टॅग लावा, सोलापुरी चादरीला मानांकन आहेच. चालेल का?

उत्तर : चालणार नाही. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. माल कुठला आणि कोणत्या गुणांचा, हे ते सांगतं. हाताने विणला, हे सांगण्यासाठी ‘हँडलूम मार्क’ हे वेगळं चिन्ह २००६ पासून आहे, आणि ते यंत्रमागाच्या मालाला मिळत नाही. शिवाय १९८५ च्या कायद्याने साडी, धोतर, टॉवेल, लुंगी, चादर-खेस यांसारख्या ११ वस्तूंचे ठरावीक प्रकार हातमागासाठी राखून ठेवले आहेत. खोटा टॅग ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि तक्रार झाली की व्यापारी बाजूला होतो, टॅग लावणारा अडकतो.

यंत्रमागाची चादर लपवायची वस्तू नाही. जेकार्डवर विणलेली, दोन्ही अंगांना नक्षी असलेली आणि वर्षानुवर्षं धुतली तरी टिकणारी चादर हे आपल्या गावाचं नाव आहे. ‘सोलापूर, यंत्रमाग, शंभर टक्के सुती’ असं अभिमानाने छापा, पण तेही सुती असेल तरच.

हातमाग ओळखायचा कसा, हे बरेच जण विचारतात. कडेला बाण्याची कापलेली टोकं झालरीसारखी दिसत असतील तर माल बिनधोट्याच्या यंत्राचा आहे, ते नक्की (धोटा म्हणजे बाणा इकडून तिकडे नेणारी नळी). पण बंद कड दिसली म्हणून हातमाग ठरत नाही, कारण धोट्याच्या यंत्रमागावरही कड बंदच येते. म्हणून कडेवर विसंबू नका. माग प्रत्यक्ष पाहा किंवा चिन्ह मागा.

प्रश्न : दुकान म्हणतं, विकलं तेवढ्याचेच पैसे, तेही ९० दिवसांनी, उरलेला माल परत. सगळेच असं करतात म्हणे. (अक्कलकोट रोड)

उत्तर : सगळे करतात म्हणून ते कायद्यात बसतंच असं नाही. आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ती ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. तुम्ही स्वतः वस्तू करत असाल आणि सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असाल, तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत पैसे मिळायला हवेत, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. मालाविषयी हरकत असेल तर खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवायची असते. नाही कळवली तर माल स्वीकारला असं धरलं जातं. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. नुसता माल घेऊन विकणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.

यासाठी तीन कागद लागतात : लेखी ऑर्डर, उद्यम क्रमांक छापलेलं बिल, आणि माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती. तिसरा कागद नेमका नसतो. टेम्पोवाल्याकडे दोन प्रती द्या आणि एक सही करून परत आणायला सांगा.

‘विकलं तर पैसे’ हा व्यवहार वेगळा आहे. त्यात माल तुमचाच राहतो, म्हणून ४५ दिवसांचा नियम तिथे तसाच लावता येईल असं धरू नका. तो करायचाच तर एकूण मालाच्या चौथाईपेक्षा जास्त माल अडकवू नका, आणि लिहून घ्या : दर महिन्याच्या ५ तारखेला विक्रीची यादी, मळलेला-फाटलेला नग विकला असं धरायचं, ६० दिवसांनी उरलेला माल दुकानाच्या खर्चाने परत. सूट द्यायची तर तुम्हाला विचारून. आगाऊ रकमेत मात्र ढिले पडू नका. कच्च्या मालाचा पूर्ण खर्च ऑर्डरबरोबर हातात यायला हवा. तेवढीही रक्कम न देणारं दुकान तुमच्या पैशावर आपली मांडणी सजवतं आहे.

प्रश्न : सांगोल्याकडच्या आमच्या घोंगड्या एका रिसॉर्टने मागितल्या. ८० नग, सगळ्या एकसारख्या काळ्या. दिल्या तर म्हणतात रंग वेगवेगळा, टोचतात आणि वास येतो.

उत्तर : न रंगवलेली काळी लोकर एका काळ्याची नसते. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची टोकं उन्हाने तपकिरी होतात आणि कळपागणिक छटा बदलते. ८० नगांत मेळ हवा असेल तर तो मागावर नाही, पिंजताना साधतो. सगळ्या कळपांची लोकर आधी दिवसाउजेडी छटेप्रमाणे वेगळी करा, मग प्रत्येक ढिगातून मूठ-मूठ घेऊन एकत्र पिंजा. एकेका कळपाची लोकर वेगळी कातली की पट्टे येणारच. रासायनिक काळा रंग देऊन मेळ साधू नका. रिसॉर्ट ज्यासाठी दुप्पट पैसे देतो ते तसं केल्याने संपतं.

टोचतं ते लोकरीमुळे आणि थोडं खळीमुळेही. ताण्याला लावलेली चिंचोक्याची खळ नव्या घोंगडीत कडक असते, वापराने ती झडते. पाठवण्याआधी घोंगडी दोन दिवस उन्हात झटकून, उलट-सुलट घासून घ्या. वास बहुतेक वेळा बांधणीचा असतो. खळ ओल धरते. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात पाठवलेल्या घोंगडीला आठवड्यात कुबट वास येतो, पुढे बुरशी आणि कसरही लागते. पूर्ण वाळवून जुन्या सुती कापडात बांधा, घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा.

रिसॉर्टला वापराची चिठ्ठी मराठी आणि हिंदीत द्या, कारण ती खोल्या आवरणाऱ्या माणसांनी वाचायची आहे. गरम पाणी नको, यंत्रात धुणं नको : गरम पाणी, साबण आणि घासणं एकत्र आलं की लोकर आटून घोंगडी दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखी घट्ट होते आणि ती परत सैल होत नाही. महिन्यातून एकदा ऊन द्यायचं, झटकायचं, घडीची जागा बदलायची. अंगाला लागू नये म्हणून प्रत्येक घोंगडीबरोबर धुता येणारी पातळ सुती खोळ द्या आणि तिचे पैसे वेगळे लावा. ८० खोळी मशीनवर शिवल्या तरी हरकत नाही, त्या मात्र हव्या तितक्या एकसारख्या होतील.